बेअरिंग बदललं, ग्रीस बदललं, तरी मोटर पुन्हा घरघरतेय? व्हीएफडीवरच्या मोटरींचं बेअरिंग नेमकं कोण खातंय?

दिवाळीच्या आसपास खानदेशात कापसाच्या गाड्या जिनिंगच्या दिशेने निघतात. जळगाव जिल्ह्यातलं धरणगाव तर कापसाचं जुनं गाव. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्येही त्याची नोंद कापूस आणि तेलबियांची बाजारपेठ अशीच आहे. तेव्हापासून आजपर्यंत एक गोष्ट बदललेली नाही. हंगाम मोजक्या महिन्यांचा असतो आणि त्यात कारखाना बंद पडणं कुणालाच परवडत नाही. गेटबाहेर गाड्यांची रांग लागलेली असते, मजूर बसून राहतात आणि कापूस उघड्यावर पडतो.

बदलली आहे ती यंत्रं चालवायची पद्धत. पूर्वी मोटर म्हणजे स्टार-डेल्टा स्टार्टर. बटण दाबलं की पूर्ण वेगात चालू, दुसरं दाबलं की बंद. आता पंखे, कन्व्हेयर, फीडर, पंप अशा बऱ्याच ठिकाणी भिंतीवर एक डबा दिसतो. कुणी त्याला व्हीएफडी म्हणतं, कुणी ड्राइव्ह, कुणी इन्व्हर्टर. जळगावच्या डाळमिल, चटई आणि पाइपचे कारखाने, पाणीपुरवठ्याचे पंप, सगळीकडे हेच चित्र आहे.

हा डबा वीज वाचवतो, यात वाद नाही. पण तो बसवल्यानंतर काही ठिकाणी एक विचित्र तक्रार सुरू होते. वर्षानुवर्षं चाललेल्या मोटरचं बेअरिंग काही महिन्यांतच आवाज करायला लागतं. फिटर बेअरिंग बदलतो, भारी कंपनीचं ग्रीस भरतो. थोड्या दिवसांनी पुन्हा तोच आवाज. मग दोष कधी फिटरवर जातो, कधी ‘डुप्लिकेट’ बेअरिंगवर, कधी रिवाइंडिंगवाल्यावर.

बऱ्याचदा यातला कुणीच दोषी नसतो. बेअरिंगमधून वीज जात असते. तिचा रस्ता बदलला नाही, तर बेअरिंग कितीही वेळा बदला, ते पुन्हा जाणारच.

आधी हे बघू, की व्हीएफडी लावतात तरी कशाला?

साध्या थ्री फेज मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. महावितरणची वीज ५० हर्ट्झची, म्हणून मोटर एकाच वेगात फिरते. पंख्याची हवा कमी हवी असेल तर जुनी पद्धत म्हणजे समोर झडप लावून वाट अडवायची. म्हणजे गाडीचा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि वेग ब्रेकने कमी करायचा.

व्हीएफडी फ्रिक्वेन्सीच बदलतो. पंखा किंवा सेंट्रिफ्युगल पंप असेल, तर वेग ८० टक्क्यांवर आणल्यावर लागणारी ताकद जवळपास निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ०.८ चा घन साधारण ०.५१ येतो. बिलातला फरक इथून येतो. शिवाय मोटर हळूहळू सुरू होते, पट्ट्याला झटका बसत नाही.

मग घोळ कुठे होतो?

व्हीएफडी आत आलेल्या एसीचा आधी डीसी करतो. ४१५ व्होल्टच्या लाइनवर हा डीसी साधारण ५८७ व्होल्टचा असतो. मग आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच तो डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरला देतात. मोटरला मिळणारी ‘लाट’ ही खरी लाट नसते. तो असतो कमी-जास्त रुंदीच्या ठोक्यांचा मारा. मोटरची वायंडिंग तो आपोआप गुळगुळीत करून घेते, त्यामुळे प्रवाह लाटेसारखा वाहतो आणि मोटर नीट फिरते.

महावितरणकडून येणाऱ्या तीन फेजमध्ये एक सुंदर हिशेब असतो. कोणत्याही क्षणी तिन्ही फेजच्या व्होल्टेजची बेरीज शून्य येते. एक वर असतो तेव्हा उरलेले दोघे मिळून तेवढेच खाली असतात.

साध्या व्हीएफडीत हे जमतच नाही. तिथे प्रत्येक फेज एका क्षणी एकतर अधिक बाजूला जोडलेला असतो, नाहीतर उणे बाजूला. मधली जागा नाही. आता फेज तीन आणि जागा दोनच. दोन अधिक आणि एक उणे, किंवा दोन उणे आणि एक अधिक, किंवा तिन्ही एकाच बाजूला. कसंही बसवा, बेरीज शून्य येणार नाही. तीन माणसांना तराजूच्या दोन पारड्यांत बसवून काटा मध्यावर आणायला सांगण्यासारखं ते आहे.

ही जी शिल्लक उरते, तिला कॉमन मोड व्होल्टेज म्हणतात. ५८७ व्होल्टच्या डीसीवर ही शिल्लक कधी ९८ व्होल्ट असते, कधी २९३, कधी उणे ९८, कधी उणे २९३. स्विच बदलला की ती उडी मारते, आणि ही उडी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात पूर्ण होते.

पण ही वीज शाफ्टवर कशी पोहोचते? वायर तर जोडलेली नाही!

मोटरच्या आत स्टेटर आणि रोटर एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये हवेची बारीक फट असते. पण दोन धातू समोरासमोर आणि मध्ये वीज न जाणारा थर, याचाच अर्थ कपॅसिटर. घरच्या पंख्यात कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो. इथे तो मोटरच्या रचनेतूनच तयार होतो.

५० हर्ट्झच्या संथ विजेला हा छोटा कपॅसिटर म्हणजे बंद दार आहे. झटक्यात उड्या मारणाऱ्या व्होल्टेजला मात्र तो उघडा असतो. वायंडिंगवरच्या शिलकीतला थोडा हिस्सा, ढोबळमानाने शंभरात तीन ते दहा भाग, रोटरवर आणि तिथून शाफ्टवर येतो. २९३ व्होल्टच्या शिलकीवर हे ९ ते २९ व्होल्ट झाले. यालाच शाफ्ट व्होल्टेज म्हणतात.

आकडा छोटा वाटतो. पण आता ही वीज कुठे अडलेली आहे ते बघा. शाफ्ट दोन्ही टोकांना बेअरिंगवर टेकलेला असतो. बेअरिंगची बाहेरची रिंग मोटरच्या बॉडीत बसलेली असते आणि बॉडीला अर्थिंग असतं. आतली रिंग शाफ्टवर घट्ट असते. दोन्हींच्या मध्ये गोळ्या आणि ग्रीस.

मोटर वेगात फिरते तेव्हा गोळ्या धातूला थेट लागत नाहीत. त्या ग्रीसमधल्या तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतात. हा पापुद्रा साधारण एका मायक्रॉनच्या आसपास असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे पापुद्रा किती पातळ याचा अंदाज येईल. एवढ्या पातळ थरावर दहा-वीस व्होल्टही भारी पडतात. पापुद्रा फुटतो आणि ठिणगी पडते.

एका ठिणगीने काय होतं?

एका ठिणगीने काहीच होत नाही. ती इतकी छोटी असते की डोळ्यांना दिसणारही नाही. पण तिच्या टोकाशी पोलाद क्षणभर वितळतं आणि मायक्रॉनभराचा खड्डा पडतो. कारखान्यांमध्ये कठीण पोलाद ठिणग्यांनी कोरायची जी ईडीएम पद्धत वापरतात, तेच काम इथे नकळत सुरू होतं. म्हणून या प्रवाहाला ईडीएम करंट असंच नाव आहे.

आता संख्या बघा. व्हीएफडीची कॅरियर फ्रिक्वेन्सी ४ किलोहर्ट्झ असेल, तर प्रत्येक चक्रात ही शिल्लक सहा वेळा उडी मारते. म्हणजे सेकंदाला २४ हजार उड्या. दहा तासांच्या पाळीत ८६ कोटींहून जास्त. प्रत्येक उडीला ठिणगी पडत नाही. पण समजा शंभरातल्या एकाच उडीला पडली, तरी एका पाळीत ८६ लाख ठिणग्या झाल्या.

सुरुवातीला बेअरिंगची चकाकती वाट मंद होते, वाफ धरलेल्या काचेसारखी दिसते. ग्रीस जळून काळं पडतं आणि त्याचा गुळगुळीतपणा जातो. पुढे त्या वाटेवर आडव्या, समान अंतराच्या रेषा उमटतात, कपडे धुण्याच्या घडीदार पाटीसारख्या किंवा कच्च्या रस्त्यावर पडतात त्या लाटांसारख्या. या नक्षीला फ्लुटिंग म्हणतात. गोळ्या या लाटांवरून गेल्या की आधी गुणगुण, मग घरघर आणि शेवटी बेअरिंग तापून जॅम.

जिनिंगमध्ये हे नुसतं दुरुस्तीचं बिल राहत नाही. हवेत रुईचे तंतू उडत असतात, ते मोटरवर, पट्ट्यावर, कोपऱ्यात साचतात. अशा जागी लालबुंद तापलेलं बेअरिंग म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून आवाज करणारी मोटर ‘एवढा हंगाम काढू’ म्हणून चालवत राहणं हा सगळ्यात महागडा जुगार आहे.

हे नवीन आहे का?

शाफ्टवर वीज येते, हे इंजिनिअरांना शंभर वर्षांपासून माहीत आहे. १९२४ मध्ये अल्जर आणि सॅमसन या अभियंत्यांनी यावर अमेरिकेत निबंध मांडला होता. पण तेव्हाचा त्रास मोठ्या यंत्रांचा होता आणि कारण वेगळं होतं. स्टेटरच्या लोखंडात थोडा असमतोल असला की शाफ्टमध्ये व्होल्टेज तयार व्हायचं. लहान मोटरींना त्याची झळ बसत नव्हती.

१९९० च्या दशकात आयजीबीटी आले. ते जुन्या स्विचपेक्षा कितीतरी वेगवान, त्यामुळे व्हीएफडी लहान, स्वस्त आणि शांत झाले. पण वेगवान स्विच म्हणजे तीक्ष्ण ठोके. ५ आणि १० एचपीच्या मोटरींचीही बेअरिंग जायला लागली. १९९५ मध्ये अर्डमन, केर्कमन, श्लेगल आणि स्किबिन्स्की यांनी व्हीएफडीचे ठोके, शाफ्ट व्होल्टेज आणि बेअरिंगमधला प्रवाह यांचा संबंध मांडून दाखवला. आज व्हीएफडीवरच्या मोटरींसाठी आयईसी ६००३४-२५ हा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज आहे आणि त्यात बेअरिंग करंटचा वेगळा विचार केलेला आहे.

आणि हा प्रश्न फक्त कारखान्यांचा नाही. इलेक्ट्रिक गाडीची मोटरही इन्व्हर्टरवरच चालते, म्हणून अनेक गाड्यांमध्ये शाफ्टची वीज बाजूने उतरवायची सोय असते. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या दिसतात. ज्या पवनचक्क्यांच्या जनरेटरचा रोटर इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टरला जोडलेला असतो, तिथेही बेअरिंग वाचवायला शाफ्टवर अर्थिंगचे ब्रश द्यावे लागतात.

बेअरिंग विजेनेच गेलं, हे ओळखायचं कसं?

प्रत्येक खराब बेअरिंगचा दोष व्हीएफडीवर ढकलणंही चूकच. पट्टा जास्त ताणलेला, कपलिंग सरळ रेषेत नसणं, आत गेलेली धूळ, जुनं किंवा गरजेपेक्षा जास्त भरलेलं ग्रीस, हातोडीने ठोकून बसवलेलं बेअरिंग, ही कारणं आजही तितकीच खरी आहेत.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे काढलेलं बेअरिंग भंगारात टाकायचं नाही. बाहेरची रिंग कटरने कापून आतली वाट बघायची. पूर्ण वाटेवर समान अंतराच्या बारीक आडव्या रेषा आणि काळं ग्रीस दिसलं, तर संशय विजेवर. बरोबर गोळ्यांच्या अंतरावरच ठसे असतील, तर तो बहुतेक उभ्या मोटरला बसलेल्या हादऱ्यांचा किंवा वाहतुकीतल्या दणक्यांचा परिणाम. एकाच बाजूची वाट खाल्ली गेली असेल, तर पट्टा आणि अलाइनमेंट तपासा. कापलेल्या बेअरिंगचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला, तरी पुढच्या वेळी तुलना करता येते.

दुसरी खूण म्हणजे वेळ. व्हीएफडी बसवल्यानंतरच त्रास सुरू झाला का? तशाच कामावरच्या पण थेट लाइनवर चालणाऱ्या मोटरी ठणठणीत आहेत का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील, तर दिशा बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

पक्की खात्री हवी असेल तर चालू मोटरच्या शाफ्टवरचं व्होल्टेज ऑसिलोस्कोपने मोजतात. साधा मल्टिमीटर इथे उपयोगाचा नाही, कारण हे ठोके त्याच्या पकडीत येत नाहीत. ऑसिलोस्कोपवर व्होल्टेज चढताना आणि मग सरळ उभं कोसळताना दिसलं, तर ते कोसळणं म्हणजे बेअरिंगमधली ठिणगी. मात्र फिरत्या शाफ्टजवळ हात न्यायचं हे काम जाणकारानेच करायचं, ढगळ बाह्यांचा शर्ट घालून तर अजिबात नाही.

उपाय काय? स्वस्तापासून सुरुवात करू

मुळात मार्ग तीनच आहेत. ठोके कमी करा, वीज बेअरिंगमधून जाऊ देऊ नका, किंवा तिला बेअरिंगच्या बाजूने सोपी वाट द्या.

१. अर्थिंग आणि केबल नीट करा. व्हीएफडीपासून मोटरपर्यंत सुट्या तीन वायरी ओढलेल्या असतात आणि अर्थिंग कुठल्यातरी लोखंडी खांबाला बांधलेलं असतं, असं चित्र अनेक ठिकाणी दिसतं. ५० हर्ट्झला ते चालून जातं. या वेगवान विजेला मात्र लांब, गोल, वेटोळी वायर म्हणजे अडथळा. तिला वाट मिळाली नाही, की ती मोटरच्या बॉडीतून शाफ्टवर आणि पुढे कपलिंगमधून यंत्राच्या बेअरिंगमधून जमिनीकडे जाते. म्हणून शील्ड असलेली, सारख्या रचनेची केबल घ्यायची. तिचं शील्ड दोन्ही टोकांना गोलाकार पट्टीने पूर्ण कवळून जोडायचं, शेपटीसारखं पिळून एका स्क्रूला नाही. मोटर आणि तिने चालवलेलं यंत्र रुंद, चपट्या, विणलेल्या तांब्याच्या पट्टीने जोडायचं. एवढं केल्यावर केबलमधून परतणारी वीज रस्त्यावर येते. पण आत तयार होणारी ठिणगी एवढ्याने पूर्ण थांबत नाही, हे लक्षात ठेवा.

२. कॅरियर फ्रिक्वेन्सी तपासा. मोटरची शिट्टी ऐकू येऊ नये म्हणून अनेकदा ती ८, १२ किलोहर्ट्झवर ठेवलेली असते. ती ४ किंवा त्याहून कमी केली, तर दर सेकंदाचे ठोके तेवढ्या पटीत कमी होतात. यासाठी खर्च शून्य, फक्त सेटिंग बदलायची. मोटर थोडी किणकिणेल आणि किंचित जास्त तापू शकते, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेतच राहायचं. याने बेअरिंगचं आयुष्य वाढतं, रोग मात्र बरा होत नाही.

३. शाफ्टला अर्थिंग द्या. शाफ्टभोवती एक रिंग बसवतात. तिच्यात वीज वाहून नेणारे बारीक तंतू असतात, ते शाफ्टला टेकून वीज बॉडीकडे उतरवतात. जुना मार्ग म्हणजे स्प्रिंगने दाबलेला कार्बन ब्रश. वीज सोपी वाट पकडते आणि बेअरिंग वाचतं. पण त्यासाठी शाफ्टवर रंग, गंज, तेल नको. रुईचे तंतू उडतात तिथे उघडा ब्रश किंवा रिंग भरून निकामी होऊ शकते, म्हणून झाकलेली जागा आणि नियमित सफाई हवी.

४. बेअरिंगच वीज न जाणारं घ्या. यात दोन प्रकार आहेत. एकात बाहेरच्या किंवा आतल्या रिंगवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर असतो. दुसऱ्यात गोळ्या सिलिकॉन नायट्राइड या सिरॅमिकच्या असतात, त्याला हायब्रिड बेअरिंग म्हणतात. नेहमीच्या अनेक मापांत ती मिळतात, त्यामुळे मोटरमध्ये कापाकापी करावी लागत नाही. छोट्या मोटरींमधल्या ठिणगीवर हायब्रिड जास्त खात्रीचं, कारण रिंगवरचा पातळ थर स्वतःच कपॅसिटरसारखा वागतो आणि वेगवान विजेला थोडी वाट देतो. साध्या बेअरिंगपेक्षा किंमत बरीच जास्त असते. पण धूळ आणि तंतूंच्या जागी, जिथे ब्रशची देखभाल होणार नाही, तिथे हाच मार्ग शहाणपणाचा.

५. व्हीएफडीच्या तोंडाशीच आवर घाला. तिन्ही वायरी एकत्र एका फेराइट किंवा नॅनोक्रिस्टलाइन कड्यातून नेतात, त्याला कॉमन मोड चोक म्हणतात. तो शिलकीच्या ठोक्यांमुळे वाहणारा जमिनीकडचा प्रवाह कमी करतो. फिल्टर घेताना मात्र सावध. ‘डीव्ही-डीटी फिल्टर’ मुख्यतः वायंडिंग वाचवतो. साधा साइन फिल्टर फेज-फेजमधली लाट गुळगुळीत करतो, पण तिघांची शिल्लक तशीच ठेवतो. शिल्लकही गाळणारे वेगळे फिल्टर असतात. दुकानात ‘फिल्टर द्या’ एवढंच सांगितलं, तर पैसे जाऊनही बेअरिंग जाऊ शकतं.

मोठ्या मोटरींचा हिशेब वेगळा

साधारण १०० किलोवॅटच्या वरच्या मोटरीत आणखी एक प्रवाह तयार होतो. तो एका बेअरिंगमधून शाफ्टमध्ये, दुसऱ्या बेअरिंगमधून बॉडीत आणि पुन्हा पहिल्यात, असा गोल फिरतो. इथे फक्त शाफ्टला अर्थिंग देऊन भागत नाही, कारण वर्तुळ तसंच राहतं. म्हणून एका टोकाचं, सहसा मागचं, बेअरिंग इन्सुलेटेड घेतात आणि पुढच्या टोकाला शाफ्ट अर्थिंग देतात.

दोन्ही बेअरिंग इन्सुलेटेड बसवून अर्थिंग दिलं नाही, तर आणखी एक गंमत होते. शाफ्टवर वीज साठतच राहते आणि लोखंडी कपलिंगमधून पुढच्या पंपाच्या किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून उतरते. मोटर वाचते, गिअरबॉक्स जातो. अशा वेळी कपलिंगही वीज न जाणारं घ्यावं लागतं, किंवा शाफ्टला अर्थिंग द्यावंच लागतं.

मग शेतातल्या सोलर पंपाचं काय?

हा प्रश्न खानदेशात येणारच. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत जमिनीनुसार ३, ५ आणि ७.५ एचपीचे पंप मिळतात. शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. पॅनलमधून डीसी वीज येते, त्यामुळे एसी पंप असेल तर कंट्रोलरच्या डब्यात इन्व्हर्टरच असतो.

पण घाबरायचं कारण नाही. विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडलेल्या, पाणी भरलेल्या सबमर्सिबल मोटरीत सहसा गोळ्यांचं बेअरिंग नसतं. तिथे बुश आणि थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्याच वंगणावर चालतात. गोळीच्या टोकाशी ठिणगी पडून फ्लुटिंग व्हायचा हा प्रकार तिथे मुख्य दुखणं नाही. तिथे काळजी वेगळी असते. केबल लांब असेल, तर व्हीएफडीचे ठोके टोकाला आपटून परततात आणि मोटरच्या तोंडाशी व्होल्टेज जवळपास दुपटीपर्यंत चढू शकतं. ताण वायंडिंगवर येतो. डीव्ही-डीटी फिल्टर खरा उपयोगी पडतो तो इथे.

विहिरीच्या काठावर किंवा नदीवर बसवलेल्या मोनोब्लॉक पंपात मात्र गोळ्यांचीच बेअरिंग असतात. ती व्हीएफडीवर असेल, तर वरचं सगळं लागू.

हे मात्र करू नका

सगळ्यात धोक्याचा जुगाड म्हणजे मोटरचं अर्थिंग तोडणं. ‘वीज जमिनीत जायला बघते, मग जमीनच तोडू’ असा विचार वरवर पटतो. पण इन्सुलेशन कधी फुटलं, तर पूर्ण बॉडीत करंट येईल आणि हात लावणाऱ्याचा जीव जाईल. बेअरिंग वाचवण्यासाठी माणूस पणाला लावायचा नसतो.

दुसरा जुगाड म्हणजे शाफ्टवर तांब्याची तार दाबून ठेवणं. काही दिवस चालते, मग झिजते, वर काळा थर येतो, आणि तंतू-धुळीच्या जागी तीच तार ठिणग्या टाकते.

तिसरी चूक म्हणजे व्हीएफडी जोडलेला असतानाच मोटरला मेगर लावणं. मेगरच्या व्होल्टेजने ड्राइव्हच उडू शकतो. आधी मोटरच्या वायरी सोडवा. आणि मेन बंद केल्या केल्या ड्राइव्ह उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज काही मिनिटं शिल्लक असते, किती मिनिटं थांबायचं ते डब्यावरच लिहिलेलं असतं.

नवीन व्हीएफडी घेताना विचारायचे प्रश्न

बहुतेक ठिकाणी व्हीएफडी विकत घेताना एकच चर्चा होते, किती एचपीचा आणि कितीला. त्यात एवढे प्रश्न वाढवा:

– ही मोटर व्हीएफडीवर चालण्यासाठी बनवलेली आहे का, की जुनी साधी मोटर आहे?
– व्हीएफडी ते मोटर अंतर किती, आणि केबल शील्डची आहे का?
– कॅरियर फ्रिक्वेन्सी किती ठेवणार?
– मोटरला शाफ्ट अर्थिंग किंवा इन्सुलेटेड बेअरिंग आहे का? नसेल तर या मापात काय बसतं?
– फिल्टर देताय, तो वायंडिंगसाठी की बेअरिंगसाठी?

हे सगळं प्रत्येक मोटरला हवंच असं नाही. व्हीएफडीवरच्या कितीतरी मोटरी वर्षानुवर्षं विनातक्रार चालतात, कारण त्यांचा वेग, भार, ग्रीस आणि अर्थिंग यांचा मेळ जमलेला असतो. खर्च करायचा तो ज्या मोटरीचं बेअरिंग दुसऱ्यांदा लवकर गेलं तिच्यावर, आणि जी बंद पडली तर अख्खी लाइन थांबते तिच्यावर.

जिनिंगवाल्यांसाठी योग्य वेळही ठरलेली आहे. हंगाम संपल्यावर मोटरी तशाही खोलल्या जातात. तेव्हाच व्हीएफडीवरच्या प्रत्येक मोटरीचं जुनं बेअरिंग कापून बघा. वाटेवर त्या आडव्या रेषा दिसल्या, तर नवीन बेअरिंगबरोबर त्या विजेची वाटही बदलून टाका. त्यासाठी पुढची दिवाळी येईपर्यंत हातात भरपूर वेळ असतो. भर हंगामात रात्री दोनला मोटर जॅम झाली, की तो मिळत नाही.